पाना कुणाच्या हाती?

पाणी भरणे हे बाईचे काम आणि पाण्याचा नळ दुरुस्त करणे हे पुरुषाचे, ही वाटणी कुठल्या पोथीत लिहिलेली नाही. पण पाळली मात्र पोथीपेक्षा कडक जाते. गुंड घासायचा बाईने, उचलायचा बाईने, रिकामा झाला की भरायचा बाईने. तोटी गळायला लागली, टाकीखालचा नट गंजून बसला, की मात्र सगळे घर पुरुषाची वाट पाहत थांबते. तो कामासाठी बाहेरगावी असला तर महिनाभर थांबते. तो घरीच असला आणि त्याला उठायचे नसले, तरीही थांबते. आणि तोवर बाई पुन्हा गुंड घेऊन विहिरीकडे.

मैत्रिणींनो, पोटगी, मारहाण, जमिनीच्या पट्ट्यावर बाईचे नाव असे प्रश्न समोर असताना संपादकीयात गंजलेल्या बोल्टचे काय, असे काहीजणींना वाटेल. आम्हालाही बैठकीत हा प्रश्न विचारला गेला. पण गेली काही वर्षे जिवती तालुक्यात काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आहे. बाईचे परावलंबन नेहमी मोठ्या प्रसंगातच असते असे नाही. पुष्कळदा ते अर्ध्या इंचाच्या नटात असते. म्हणून यावेळी त्याविषयी.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून माणिकगडचा डोंगराळ भाग आहे. जिवती तालुका त्यात वसलेला. इथे कोलाम आणि गोंड समाजाचे गुडे आहेत, आणि १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून आलेली दलित, बंजारा व इतर कुटुंबेही आहेत. पाऊस चांगला पडतो, पण उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि बोरिंगचा दांडा कितीही हलवला तरी घरघर तेवढी ऐकू येते. अशा गावांतही आता नळ आले आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले, प्रत्येक ग्रामीण घरात २०२४ पर्यंत नळ हे त्याचे उद्दिष्ट होते. ती मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवली गेली. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही योजना आली, तिच्यातही नळाचे पाणी आहे. देशात १५ कोटींहून अधिक ग्रामीण घरांत नळजोडणी झाल्याची सरकारी नोंद आहे.

नोंद जोडणीची होते, दुरुस्तीची होत नाही. नळ बसवला त्या दिवशी फोटो निघतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा क्लँप गंजतो, तेव्हा फोटो काढायला कोणी येत नाही.

गंज का चढतो, हे आधी समजून घेऊ. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज तयार होतो. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये जी बारीक फट असते ती भरून जाते आणि दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. आपल्या भागात आणखी एक भर आहे. राजुरा, कोरपना, जिवती या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे, त्याच्यासाठीच गडचांदूर परिसरात सिमेंटचे कारखाने आले. अशा दगडातून झिरपलेले पाणी जड असते. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच थर नळाच्या आट्यांतही धरतो. म्हणजे लोखंडाचा गंज आणि वर क्षाराचा गिलावा. रस्त्यातल्या मोठ्या पाईपवर क्लँप बसवून घरची नळी काढलेली असते. त्या क्लँपचे बोल्ट तर ओल्या मातीतच गाडलेले असतात.

आता हा नट सोडवायचा कसा? मिस्त्री जे करतो त्यात कोणतीही गुपित विद्या नाही. पायऱ्या ठरलेल्या आहेत.

पहिले काम म्हणजे पाणी बंद करणे. मोटार असेल तर तिचा मेन स्विच बंद करायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा, उरलेले पाणी तोटीतून सोडून द्यायचे. मग तारेच्या ब्रशने नट आणि बोल्टचे उघडे आटे घासून काढायचे. मातीचा आणि गंजाचा थर निघाल्याशिवाय तेल आत जात नाही. पांढरा क्षार असेल तर लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ लावून थोडा वेळ ठेवायचा. तांब्या-पितळेची भांडी आपण ज्या आंबटाने घासतो त्यानेच हा थरही सुटतो. नंतर ते धुऊन कोरडे करायचे.

मग तेल. बाजारात गंज सोडवण्याचे तेल मिळते. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून चालते. गोडेतेल नको, ते आत झिरपत नाही, चिकटून बसते. तेल आट्यांवर थेंब थेंब सोडायचे आणि रात्रभर राहू द्यायचे. घाई केली की काम बिघडते. अधूनमधून हातोडीने नटाच्या कडांवर हलके ठोके द्यायचे. धक्क्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून आत शिरते.

दुसऱ्या दिवशी पाना लावायचा. नटाच्या मापाचाच पाना हवा. मोठा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, आणि मग तो कोणालाच दाद देत नाही. जमले तर नटाला चारी बाजूंनी धरणारा रिंग पाना घ्यावा. एका पान्याने बोल्टचे डोके धरायचे, दुसऱ्याने नट फिरवायचा. नटाच्या बाजूने पाहिले तर तोटी बंद करताना आपण ज्या दिशेने फिरवतो ती घट्ट करण्याची दिशा, त्याच्या उलट सैल करण्याची. पण आधी किंचित घट्ट करून पाहावे. त्याने गंजाची पकड मोडते. मग मागेपुढे, मागेपुढे करत, पुन्हा तेल देत सोडवत न्यायचे. एवढे करूनही सुटला नाही तर लोखंड कापायच्या पात्याने बोल्ट कापून टाकायचा आणि नवा बसवायचा. बोल्ट काही रुपयांचा असतो. तो कापावा लागला म्हणजे आपण हरलो असे नाही. मिस्त्रीही तेच करतो.

काही गोष्टी करायच्या नाहीत. तेल लावलेल्या ठिकाणी विस्तव न्यायचा नाही. प्लास्टिकच्या पाईपजवळ नट तापवायचा नाही. तेल रबराच्या वायसरवर आणि पाईपच्या आत जाऊ द्यायचे नाही, आणि काम झाल्यावर बराच वेळ पाणी वाहू देऊन मगच पिण्यासाठी भरायचे. रस्त्यातली मुख्य वाहिनी ग्रामपंचायतीची आहे, तिच्यावरचा क्लँप ग्रामपंचायतीला सांगूनच उघडायचा. आणि पुन्हा जोडताना जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट घ्यायचे, आट्यांना ग्रीस लावायचे. पुढच्या वेळी सोडवणारी आपणच असणार आहोत.

हे वाचून पहिला आक्षेप येईल तो ताकदीचा. बाईच्या मनगटात तेवढा जोर कुठला, असे पुरुष म्हणतात, आणि दुःखाची गोष्ट अशी की बायकाही म्हणतात. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी बाईसुद्धा पाना पाहून हेच म्हणते. खरे म्हणजे इथे प्रश्न जोराचा कमी आणि पान्याच्या लांबीचा जास्त असतो. फूटभर लांबीच्या पान्यावर जिथे ४० किलोचा जोर लागतो, तिथे दोन फुटांच्या पान्यावर २० किलोचा पुरतो. पाना छोटा असेल तर त्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा तुकडा चढवायचा, लांबी वाढते. धक्का न मारता सावकाश ओढायचे, म्हणजे बोल्ट तुटत नाही. एका गुड्यातल्या बैठकीत हे समजावून सांगत होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने जात्याकडे बोट दाखवले. खुंटा जात्याच्या मध्याजवळ बसवला तर दळण होईल का, असे तिने विचारले. सगळ्याजणी हसल्या. आमचे पुढचे अर्धे व्याख्यान तिने वाचवले. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी कडेचा खुंटा धरून दगड फिरवला आहे. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ ही म्हण त्यांनी हाताने जगून दाखवली आहे. फक्त तिला कोणी यंत्रशास्त्र म्हटले नाही.

ज्ञान बायकांकडे नसते असे नाही, त्या ज्ञानाला नाव आणि अवजार मिळत नाही. घरात हातोडी, पक्कड, पाना कुठे ठेवलेला असतो? बहुधा पुरुषाच्या पेटीत, मोटारसायकलच्या डिकीत, नाहीतर वर माळ्यावर. विळी, लाटणे, उलथणे हाताशी. १९७०च्या दशकात मुंबईच्या बायकांनी महागाईच्या विरोधात ही लाटणीच रस्त्यावर आणली, आणि त्यांच्यातल्या मृणाल गोरे यांना गोरेगावच्या पाण्याच्या लढ्यामुळे लोक पाणीवाली बाई म्हणू लागले. पाणी मागण्याची ही परंपरा आपल्याकडे मोठी आहे. मागून मिळालेले पाणी चालू ठेवण्याचे अवजार मात्र आपण अजून हातात घेतलेले नाही.

अवजार कोणासाठी घडवले जाते यावरही पुष्कळ ठरते. बोरिंगच्या हातपंपाचीच गोष्ट घ्या. सुरुवातीला खेड्यांत जे बिडाचे पंप बसवले गेले ते एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. सगळे गाव त्यावर तुटून पडल्यावर ते मोडू लागले. मग जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कारागिरांनी त्यात सुधारणा केल्या, आणि सोलापूरच्या पंपाच्या आधारे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला. तो दणकट होता. पण खालच्या सिलिंडरमधला वायसर बदलायचा तर सगळे लोखंडी पाईप वर ओढून काढावे लागत. त्यासाठी गाडी, अवजारे आणि माणसांची टोळी हवी. म्हणजे गावाने तालुक्याच्या गाडीची वाट पाहायची. पुढे १९८०च्या दशकात कोइमतूर भागात प्रयोग करून ‘मार्क थ्री’ हा पंप घडवला गेला. त्यात पाईप जाड ठेवला, म्हणजे दट्ट्या आतूनच वर काढता येतो, पाईप उपसावे लागत नाहीत. यंत्र बदलले की ते दुरुस्त करणारे हातही बदलू शकतात. हे काम मुळातच पुरुषी आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी यंत्र कसे घडवले आहे ते पाहावे.

बायकांनी हे करून दाखवल्याचे उदाहरण जुने आहे. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात, जिथून १९९७ मध्ये चित्रकूट हा वेगळा जिल्हा झाला, महिला समाख्या कार्यक्रमाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोल आदिवासी आणि दलित बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवली. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्या बायका पाने घेऊन गावोगाव जाऊ लागल्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. पाण्याला कोणी हात लावायचा हा प्रश्न त्यानंतर सहा दशकांनीही बांद्यात जिवंत होता, आणि पंप बंद पडल्यावर त्याच हातांची गरज गावाला लागली. पुढची गोष्ट आपल्याला अधिक महत्त्वाची. दुरुस्तीची नोंद ठेवायची, सुट्या भागांचा हिशेब लिहायचा, तर अक्षर हवे. साक्षरतेची मागणी या बायकांच्या कामातूनच पुढे आली. १९९३ मध्ये ‘महिला डाकिया’ हे त्यांचे वार्तापत्र निघाले. ‘वनांगना’ ही संघटना याच कामातून उभी राहिली आणि तिने पुढे घरातल्या हिंसेचा प्रश्न हाती घेतला. पान्याने सुरुवात झाली आणि गोष्ट कुठवर गेली, पाहा.

जिवतीसारख्या भागात हे का तातडीचे आहे? मिस्त्री तालुक्याच्या गावातून किंवा गडचांदूरहून यायचा. त्याच्या येण्याजाण्याचे पेट्रोल, दिवसाची मजुरी आणि सामान मिळून पाच रुपयांच्या वायसरचे काम शेकड्यांत जाते. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला ते परवडत नाही. परवडले तरी दुसरी अडचण उभी राहते. मिस्त्री संध्याकाळी आला, तासभर घरात थांबला, की शेजारच्या ओसरीवर कुजबूज सुरू होते. पाण्यासाठी माणूस बोलवावा तर बदनामी, न बोलवावा तर रोज तीनदा विहीर. ज्यांनी एकट्या बाईशी बोलून पाहिले आहे त्यांना हे नवे नाही. तिच्या हाती पाना असणे म्हणजे तिच्या अब्रूची किल्ली शेजाऱ्यांच्या हातून काढून घेणे आहे.

पण इथेच एक धोका आहे. तो आपण आधी ओळखला नाही तर फसवणूक आपलीच होईल.

सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०२४ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली, तशी पुरुषाचीही नऊ कमी झाली. अशा घरात बाईने नळदुरुस्ती शिकली तर काय होईल? ‘आता तुला येते ना, मग तूच कर,’ असे म्हणून त्या ८८ मिनिटांतलीही काही तिच्या पदरात पडतील. गावाच्या पातळीवरही हेच होऊ शकते. ताई, तुम्ही शिकलात, आमच्या वस्तीचाही व्हॉल्व्ह बघा, चहा पाजू. आशाताई आणि अंगणवाडी ताईंना मानधनासाठी किती वेळा रस्त्यावर उतरावे लागले आहे, ते आपण जाणतो. बाईने केलेले काम सेवा आणि पुरुषाने केलेले काम मजुरी, हा हिशेब आपल्याला मान्य नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? गावाच्या अंदाजपत्रकात बाईच्या कौशल्याला जागा नसेल, तर नुसत्या शिबिरातून ती मिळणार नाही.

सध्याच्या योजनेतच पाहा. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरले आहे. प्रत्येक गावात पाच बायकांना पाण्याची तपासणी शिकवायची, त्यांच्या हाती तपासणी संच द्यायचा, हेही ठरले आहे. चांगलेच आहे. पण पाणी पिण्यायोग्य आहे का हे सांगायचे बाईने, आणि ते आणणारी नळी उघडायची पुरुषाने, ही तीच जुनी वाटणी नव्या संचात घालून आलेली आहे. ‘नल जल मित्र’ या कार्यक्रमात गावातल्याच व्यक्तींना नळकाम-गवंडीकाम, मोटार दुरुस्ती आणि वीज-पंपचालन शिकवायचे आहे. नावे ग्रामपंचायतीने सुचवायची आहेत. ही नावे कोणाची जातात? सरपंचाचा पुतण्या, सदस्याचा मुलगा. बाईचे नाव सुचवावे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण मित्र म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पाना आणि ठराव बरोबरच हाती घ्यावेत. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथे चार गोष्टी मांडाव्यात. नल जल मित्र म्हणून जाणाऱ्या नावांत निदान निम्मी स्त्रियांची असावीत, आणि त्यांत एकट्या स्त्रियांना आधी विचारावे. पाने, पाईप पाना, तारेचा ब्रश, पाते, ग्रीस, वायसर असा संच ग्रामपंचायतीने घेऊन त्याची नोंद ठेवावी, आणि तो वस्तीवर बचतगटाच्या ताब्यात असावा. नळ आणि बोरिंगच्या प्रत्येक दुरुस्तीची मजुरी ठरवून ती पाणीपट्टीच्या निधीतून द्यावी, करणारा पुरुष असो वा बाई, दर एकच. आणि शाळेत मुलामुलींना दोन्ही कामे शिकवावीत. मुलीने वायसर बदलावा, मुलाने भाकरी थापावी. नाहीतर मुलगी दोन्ही कामे करील आणि मुलगा एकही करणार नाही.

ठराव मांडला की हसतील. आधी हसतात, मग ‘बघू’ म्हणतात, मग फाईल हरवते. हेही गंजलेल्या बोल्टसारखेच काम आहे. एका हिसक्यात सुटत नाही, आणि रागाने हिसका दिला तर तुटते. म्हणून पुढच्या सभेत तोच ठराव पुन्हा, त्याच्या पुढच्या सभेत पुन्हा. दरम्यान आपल्या गटातल्या दोघी-तिघींनी पाना चालवायला शिकून ठेवावे. ठरावाच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा म्हणजे आपणच दुरुस्त केलेली आणि न गळणारी तोटी.

या अंकासोबत गटांनी एक साधी पाहणी करावी अशी विनंती आहे. आपल्या वस्तीत किती नळ आहेत, त्यांतले किती चालू आहेत, बंद पडलेला नळ किती दिवसांनी दुरुस्त झाला, कोणी केला, किती पैसे लागले आणि तोवर पाणी कोणी, कुठून आणले, एवढेच लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या. आलेली सगळी माहिती पुढच्या अंकात एकत्र छापू, आणि तीच घेऊन जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जाऊ.

आणि हो, घरातला पाना कुठे ठेवला आहे, तेही आज एकदा पाहून ठेवा.